कुठल्या वर्षीचा?

रविवार, रात्री उशिरा

दुपारी भुरीचा, माझ्या कुत्रीचा, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाठोपाठ ताईचा प्रश्न आला, "किती गोड दिसते आहे! कुठल्या वर्षीचा गं हा?" फोटो कालचा होता. मी तसे कळवले नाही; एक हसरा चेहरा पाठवला आणि ग्रुपवर तरी विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही. भुरीला फिरवून आणताना, तिची गोळी पोळीच्या तुकड्यात लपवताना, दिवे मालवताना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येत राहिला, आणि शेवटी झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

त्यात टोचण्यासारखे नेमके काय आहे, हे मला अजून सांगता येत नाही. ताईने कौतुकच केले. मी तो फोटो टाकला तोही कौतुकासाठीच. मग हवे ते मिळाल्यावर एवढे अस्वस्थ व्हायचे कारण काय?

काल दुपारी आभाळ भरून आले होते. खिडकीतून मऊ, सावल्या न पाडणारा उजेड येत होता आणि भुरी कान टवकारून बाहेर बघत होती. मी जमिनीवर पालथी पडून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरून फोटो काढला. (कॅमेरा आता माझ्याकडे आला आहे. त्याविषयी आज लिहायला नको.) डोळ्यावर फोकस बरोबर बसला होता, फ्लॅश वापरला नव्हता, म्हणजे तिच्या डोळ्यांत ते हिरवे दिवेही पेटले नव्हते. शिकाऊ माणसाच्या मानाने फोटो चांगलाच होता. पण पडद्यावर तो मला निर्जीव, करडा वाटला, आणि मी सवयीने प्रीसेटच्या, म्हणजे एका क्लिकवर फोटोला लागणाऱ्या तयार बदलांच्या, यादीकडे वळले. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या एका संचातल्या, सोनेरी संध्याकाळची आठवण करून देणारे नाव असलेल्या प्रीसेटवर बोट ठेवले आणि भुरी क्षणात उजळून निघाली. मला फार आनंद झाला होता, हे इथे लिहून ठेवायला हवे, कारण आताच्या मनःस्थितीत तो आनंद झालाच नव्हता असे वाटू लागले आहे.

रात्री तो प्रीसेट उघडून पाहिला. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरचा प्रीसेट म्हणजे एक्सएमपी नावाची साधी मजकुराची फाइल असते; ती नोटपॅडमध्ये उघडते आणि वाचताही येते. आत जादू वगैरे काही नाही. कोणीतरी, कुठल्यातरी वेगळ्याच फोटोवर स्लायडर सरकवून समाधान होईपर्यंत जुळवलेले आकडे ओळीने मांडलेले आहेत. समोर कुत्रा आहे, मांजर आहे की कपाट, याची त्या आकड्यांना गंधवार्ता नसते. गंमत अशी, की एक्स्पोजर (एकूण उजळपणा), हायलाइट्स (उजळ भाग), शॅडोज (गडद भाग) या नावांच्या शेपटाला २०१२ हा आकडा चिकटलेला आहे, कारण लाइटरूमच्या चौथ्या आवृत्तीबरोबर त्या साली फोटोवर प्रक्रिया करण्याची पद्धत बदलली आणि ते नामकरण अजून तसेच चालू आहे. म्हणजे ताईच्या प्रश्नाला फाइलकडे उत्तर तयार होते. भुरी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

मग एकेक आकडा शून्यावर आणून पाहिला. सगळ्यात आधी पांढऱ्या केसांचे काय झाले ते शोधायचे होते. भुरीच्या नाकाभोवतीचे आणि हनुवटीवरचे केस गेल्या काही काळात पूर्ण पिकले आहेत. भुवयांच्या जागीही पांढरे उतरू लागले आहे. प्रीसेट लावलेल्या फोटोत ते केस सोनेरी आहेत. त्याला तीन कारणे सापडली आणि तिन्ही एकमेकांना हात देणारी. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला, असल्यामुळे त्यात उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजला जातो. कालच्या ढगाळ उजेडासाठी कॅमेऱ्याने सुमारे ६३०० धरले होते आणि प्रीसेटने तिथे ७४०० बसवले. आकडा वाढवला की उजेड जास्त निळा होता असे समजून सॉफ्टवेअर चित्रात पिवळा रंग मिसळते. त्यावर हायलाइट्स बरेच खाली ओढलेले होते. चित्रातला सर्वांत उजळ भाग कुठला, तर तेच पिकलेले केस. ते खाली येऊन मधल्या छटांमध्ये बसले, जिथे रंग चांगला धरतो. आणि कलर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे उजळ-गडद भागांना वेगवेगळी छटा देण्याच्या सोयीत, नेमक्या हायलाइट्सनाच नारिंगी छटा दिलेली होती. ज्याने हा प्रीसेट केला त्याच्या मनात मावळतीचे ऊन असेल. भुरीच्या बाबतीत त्या उन्हाला पडायला एकच जागा मिळाली, तिचे म्हातारपण.

डोळ्यांचे तसेच. तिच्या बुबुळांमागे हल्ली निळसर-करडी झाक दिसते. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की हा मोतीबिंदू नव्हे. वय वाढले की कुत्र्यांच्या डोळ्यातले भिंग आतून घट्ट होत जाते, त्यामुळे ते असे दिसते आणि नजरेला सहसा फारशी बाधा येत नाही. "सहसा" या शब्दापाशी मी तेव्हाही अडखळले होते. असो. प्रीसेटने निळ्या रंगाचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) जवळजवळ काढून टाकलेले आहे आणि टोन कर्व्हचे, म्हणजे उजळ-गडद छटांच्या आलेखाचे, डावे टोक वर उचललेले आहे, म्हणजे चित्रात निखळ काळे कुठेच उरत नाही, सर्वांत गडद जागाही राखाडी होते. झाकेतला निळा गेला, आणि सगळ्याच फोटोवर पातळ धुके पसरल्यावर डोळ्यातले धुके वेगळे कसे ओळखू येणार?

हे सगळे कळल्यावर बरे वाटायला हवे होते, पण उलट स्वतःचीच कीव येऊ लागली. इतरांची कुत्री फोटोत कशी धडधडीत दिसतात. केस न् केस वेगळा, डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकतो आहे. माझ्या वाट्याला एक तर करडा फोटो येतो, नाही तर दुसऱ्याचेच कुत्रे. मला रंग कळत नाहीत, म्हणून मी ते आयते घेते. आयते घेतले की ते माझ्या घरातल्या प्राण्याशी जुळत नाहीत. आणि ते जुळत नाहीत हे मला स्वतःला दिसत नाही, चार तासांच्या अंतरावर बसलेल्या ताईच्या प्रश्नातून कळते. त्यातही सर्वांत लागणारी गोष्ट ही, की मी रोज तिचे तोंड पाहते. सकाळी डोळे उघडले की पहिले तेच दिसते. पांढरे केस गेल्याचे मला कळायला हवे होते. की कळले होते, आणि मला ते चालणार होते? "फोटो छान झाला" असे मनाशी म्हणाले, तेव्हा त्या छानपणात तिचे कमी झालेले वय किती होते आणि उजेड किती, हे आता वेगळे करता येणार नाही. स्लायडरसारखे त्यांना एकेक करून शून्यावर नेता येत नाही.

इथवर लिहून पाणी प्यायला उठले आणि परत येऊन फोटो पुन्हा पाहिला, तेव्हा एक वेगळीच शंका आली. ताईने कुत्रीकडे पाहून विचारले, हे मी गृहीतच कसे धरले? फोटोच जुना दिसतो आहे. उचललेले काळे, ओसरलेला निळा, सगळीकडे पिवळट ऊब, वरून फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे, म्हणजे ग्रेन. हा सगळा थाट जुन्या प्रिंटचा आहे. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट अल्बममध्ये पडून लालसर-पिवळ्या झालेल्या आपण पाहतोच, कारण त्यांतले सायन (निळसर-हिरवे) रंगद्रव्य बहुधा आधी उडते. ते उडणे आता मुद्दाम, आकड्यांनी करतात आणि त्याला फिल्म लूक म्हणतात. जुने दिसावे म्हणूनच बनवलेला प्रीसेट लावल्यावर कोणी "कुठल्या वर्षीचा" असे विचारले, तर ती त्या प्रीसेटची सफलताच म्हणायची. एवढे साधे उत्तर असताना मी संध्याकाळपासून भुरीच्या वयावर रडत बसले होते!

अर्थात या उत्तरानेही पूर्ण सुटका होत नाही. ताईला विचारले तर ती एका वाक्यात सांगेल. पण विचारायला गेले की तिला आधी फोटो कालचा असल्याचे सांगावे लागेल, मग ती पुन्हा निरखून पाहील, मग फोन करील आणि "भुरी बरी आहे ना?" असे विचारील. ते संभाषण मला सध्या नको आहे.

प्रीसेटवर सगळा राग काढण्यातही अर्थ नाही. माणसांच्या फोटोंसाठी केलेले बहुतेक प्रीसेट नारिंगी रंगाची उजळता वाढवून त्याचे सॅच्युरेशन कमी करतात, कारण माणसाच्या त्वचेचा रंग तिथेच येतो. तोच प्रीसेट ताईच्या केशरी बोक्याला लावला तर बोका आजारी, फिकट गुलाबी दिसतो. काळ्या कुत्र्याची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. कॅमेऱ्याचा लाइट मीटर समोरचे सगळे सरासरी मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, म्हणून काळे कुत्रे चौकटभर असले की तो एक्स्पोजर वाढवतो आणि कुत्रे राखी दिसते. त्यावर काळे उचलणारा प्रीसेट म्हणजे राखेवर राख. क्लॅरिटी (मधल्या छटांतला उठाव) ताणली की मऊ केस मळकट आणि राठ दिसतात. तिथे टेक्स्चर (बारीक तपशिलांचा उठाव) थोडे वाढवलेले बरे. यांतले काही मी वाचून शिकले, काही बिघडवून. प्रीसेट लावून मग त्याचे आकडे उलगडत बसणे ही शिकण्याची वाईट रीत नाही. आज रात्री मला कलर ग्रेडिंग जेवढे कळले तेवढे कुठल्याही धड्यातून कळले नव्हते. त्यासाठी एवढे हळवे व्हायला हवे होते असे मात्र नाही.

त्या सोनेरी प्रीसेटचा जोर कमी करणारा स्लायडर आहे. तो शंभरावरून पस्तीसवर आणून पाहिला. भुरी मध्यमवयीन झाली. हसू आवरेना. मग प्रीसेट काढूनच टाकला. मूळ फोटो सॉफ्टवेअर कधी बदलत नाही, आकडे फक्त वरून लागू होतात, त्यामुळे एका क्लिकवर कालची करडी दुपार परत आली. त्यात एक्स्पोजर थोडे वाढवले, सावल्या किंचित उघडल्या, शार्पनिंग फक्त केसांच्या कडांवर राहील असे मास्किंग लावले. यांतले शार्पनिंग आणि लेन्सची दुरुस्ती एवढेच माझ्या स्वतःच्या प्रीसेटमध्ये जतन केले; जतन करतानाच्या यादीत व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशेब) आणि एक्स्पोजर यांच्यापुढची खूण काढून टाकली, कारण त्या दोन गोष्टी प्रत्येक दिवसाच्या उजेडाच्या मालकीच्या आहेत. रंगाला प्रीसेटमधून हात लावायचा नाही, असे सध्यापुरते ठरवले आहे. किती दिवस टिकेल ते माहीत नाही, कारण त्या सोनेरी फोटोची प्रत मी काढून टाकलेली नाही आणि काढणारही नाही.

शेवटी सॉफ्टवेअरमधला ब्रश घेऊन नाकाभोवतीच्या केसांवरून फिरवला, तेवढ्याच भागाचे तापमान निळ्याकडे नेले आणि हायलाइट्स वर चढवले. केस पांढरे झाले. आणखी थोडे चढवले तर ते इतके पांढरे झाले की भुरी आहे त्याहून चार वर्षांनी म्हातारी दिसू लागली, म्हणजे प्रामाणिकपणाच्या भरातही माझा हात सैलच सुटला होता. खरे पांढरे कुठे थांबते ते ठरवायला भुरीलाच उठवून पडद्याशेजारी बसवले. ती जांभई देत, नाराजीने बसली. आणि टेबलावरच्या २७०० केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्याखाली तिचे तोंड प्रीसेट लावल्यासारखे सोनेरी दिसत होते, त्यामुळे ताळा काही जमला नाही. ब्रशचा जोर अंदाजाने निम्मा करून ठेवला आहे. बाकीचे उद्या सकाळी, खिडकीतल्या उजेडात, तिला पुन्हा शेजारी बसवून.