सहा इंची सेंटरवर सोळा इंची पुली

सांगलीत विश्रामबागेतील घरामागच्या खोलीत माझा जो लेथ (धातूची वस्तू फिरवून कापणारे यंत्र) आहे, त्याचे सेंटर, म्हणजे वस्तू फिरते तो अक्ष, खालच्या बेडपासून सहा इंचांवर आहे. म्हणजे बारा इंचांपेक्षा मोठे चाक त्यावर फिरत नाही. काही मोठ्या लेथला बेडमध्ये गॅप असतो आणि तेथील तुकडा काढला की मोठा जॉब (कापायची वस्तू) बसतो. माझ्या लेथला ती सोय नाही. त्यामुळे वाळवा तालुक्यातील एका गुऱ्हाळाचे मालक चरकाच्या काउंटरशाफ्टवरची (मोटर आणि चरक यांमधल्या दांड्यावरची) सोळा इंची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पुली आणि तिचा शाफ्ट घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा एरवी मी त्यांना सरळ कुपवाड एमआयडीसीतील मोठ्या कारखान्याची वाट दाखवली असती. पण दिवाळीची सुट्टी असल्याने तेथील शेड बंद होती आणि गुऱ्हाळाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

त्यांची घाई मला समजत होती. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढते, आणि अशा रसाचे आधण गुळव्याने कितीही कसबाने उतरवले तरी गूळ नीट घट्ट होत नाही. “मिस्त्री, फडात तोड झालीय, तेवढं बघा की,” एवढेच ते म्हणाले.

पुलीचा दोष उघड होता. चावी (पुलीला शाफ्टवर घसरू न देणारा तुकडा) सैल झाल्यावरही पुली फिरत राहिल्याने पन्नास मिलिमीटरचा बोअर (शाफ्ट बसण्याचे भोक) लंबगोल झाला होता आणि दोन्ही तोंडांशी फाकला होता. शाफ्ट मात्र शाबूत होता. बोअर सत्तरपर्यंत मोठा करून त्यात बिडाचे बुश (आतली नळी) बसवायचे आणि त्या बुशाला पुन्हा पन्नासचा बोअर करायचा, असे ठरवले. साठचा बोअर पुरला नसता, कारण पन्नासच्या शाफ्टला १४ मिलिमीटर रुंदीची चावी लागते आणि तिचा गाळा (खाच) बुशात जवळजवळ चार मिलिमीटर शिरतो. पाच मिलिमीटर जाडीच्या बुशात मग उरणार काय? नवी पुली आणली असती तरी तिचा बोअर लेथवरच करावा लागला असता.

मोठ्या जॉबसाठी छोटा लेथ वापरण्याची एक जुनी पद्धत अशी की जॉब क्रॉस स्लाइडवर (टूल आडवे सरकवणाऱ्या भागावर) पक्का बांधायचा आणि दोन सेंटरमध्ये बोअरिंग बार (भोक कापणारे टूल धरणारा दांडा) फिरवायचा. इंग्लंडमध्ये १९४६ साली आलेल्या मायफोर्ड एमएल-७ या साडेतीन इंची सेंटरच्या लेथच्या क्रॉस स्लाइडवर टी-स्लॉट (बोल्ट अडकवायच्या खाचा) आहेत, ते अशाच कामांसाठी. पंपाची बॉडी किंवा बेअरिंगचे हाउसिंग यांसाठी मला ही पद्धत सर्वांत चांगली वाटते. पुलीला मात्र ती चालत नाही, कारण बोअरपासून रिमपर्यंतचे आठ इंच सर्व बाजूंना सारखेच असतात आणि खालच्या बाजूला क्रॉस स्लाइड आणि बेड आडवे येतात. म्हणून हेडस्टॉकच (जॉब फिरवणारा भाग) उचलणे भाग होते.

त्यासाठी लागणारे साठ मिलिमीटर जाडीचे बिडाचे ठोकळे मी पूर्वीच करून ठेवले होते. हेडस्टॉकखालचे दोन आणि कंपाउंडखालचा (टूल धरणाऱ्या वरच्या स्लाइडखालचा) एक असे तिन्ही ठोकळे सरफेस ग्राइंडरवर एकाच सेटिंगला काढलेले असल्यामुळे त्यांच्या जाडीत फरक नव्हता. हेडस्टॉक सरळ धरणारी जीभ ठोकळ्याच्या खालच्या अंगाला आणि तशीच खाच वरच्या अंगाला आहे. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, त्यात साठ मिळवले की २१२.४ होतात, पुलीची त्रिज्या २०३.२, म्हणजे रिम आणि बेड यांच्यात नऊ मिलिमीटरची फट राहिली. मोटरचा पट्टा पाच इंच लांबीने मोठा घ्यावा लागला. हेडस्टॉक उचलल्याने गिअर एकमेकांपासून सुटले, त्यामुळे ऑटो फीड (टूलची आपोआप चाल) गेले आणि सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहणारा भाग) हातानेच चालवावे लागणार हे नक्की झाले.

शेजारचे आबा मदतीला आले. किर्लोस्करवाडीत टर्नर म्हणून त्यांची नोकरी झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि आमच्या जिल्ह्यात लोखंडी नांगराबरोबर लेथचे कसबही रुजले. आबांच्या हातात ते अजून आहे. स्पिंडलमध्ये (हेडस्टॉकच्या फिरत्या शाफ्टमध्ये) टेस्ट मॅन्ड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून सॅडलवरच्या डायलने (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या मापकाने) आम्ही वरून आणि बाजूने तपासणी केली, पातळ पत्र्याचे पॅकिंग दिले आणि तीनशे मिलिमीटरमध्ये दोन शतांश मिलिमीटरच्या फरकावर थांबलो. शंभर मिलिमीटर लांबीच्या हबवर (पुलीच्या मधल्या भागावर) याचा परिणाम व्यासात दीड शतांशाच्या आत राहतो, आणि या कामाला तेवढे पुरेसे होते.

खरी अडचण यानंतरची होती. रिम पाच इंच रुंद असल्याने सॅडल पुलीखाली जाऊ शकत नव्हते, ते रिमच्या बाहेरच थांबणार होते. त्यामुळे टूलपोस्टपासून हबच्या आतल्या तोंडापर्यंत बार आठ इंचांहून अधिक बाहेर काढावा लागत होता. घासलेल्या बोअरमधून जाईल असा जाडात जाड बार चाळीस मिलिमीटरचा. व्यासाच्या पाचपटींहून जास्त लांब लोंबणारा बार बिडाच्या कडक कातडीत गेला की थरथरतो, आणि थरथरीने झालेल्या लहरी बोअरमध्ये बुश कधीच नीट बसत नाही. त्यासाठी बारच्या पुढच्या टोकाला तीस मिलिमीटरचा दांडा काढला आणि स्पिंडलच्या टेपरमध्ये गनमेटलचे एक बुश बसवून त्याचा बोअर त्याच जागी, त्याच लेथवर केला. आता बार दोन्हीकडे आधारलेला होता: मागून टूलपोस्टने, पुढून या बुशाने. पुली त्याच्याभोवती फिरणार आणि बार न फिरता नुसता पुढे सरकणार.

या मांडणीत बार नेमका स्पिंडलच्या अक्षावर असतो, त्यामुळे क्रॉस स्लाइडने कट देता येत नाही. बारमध्ये बसवलेला टूलबिट स्क्रूने बाहेर काढावा लागतो. तो किती बाहेर आला हे मायक्रोमीटरने बारच्या पाठीपासून टूलच्या टोकापर्यंत मोजायचे. बार चाळीसचा आणि बोअर सत्तरचा हवा असेल, तर वीस अधिक पस्तीस म्हणजे पंचावन्न. हे गणित आबांनी खडूने हेडस्टॉकवर लिहून ठेवले.

पुली फेसप्लेटवर (स्पिंडलवरच्या सपाट तबकडीवर) आऱ्यांवरून क्लॅम्प केली. बोअर लंबगोल असल्याने त्यावर विसंबता येत नव्हते, म्हणून डायल रिमच्या टर्न केलेल्या पृष्ठावर लावून ती सेंटरमध्ये घेतली. सगळे नट पुन्हा तपासून प्रथम पूर्ण फेरा हाताने फिरवून पाहिला. मगच मोटर सुरू केली, बॅक गिअरमध्ये (वेग कमी करणाऱ्या गिअरमध्ये), मिनिटाला ४५ फेऱ्यांवर. सत्तरच्या व्यासावर हा वेग मिनिटाला दहा मीटर पडतो. हायस्पीड स्टीलच्या टूलला बिडात याच्या दुप्पट वेग सहज चालतो, पण एवढे अवजड चाक उंचावलेल्या हेडस्टॉकवर वेगाने फिरवणे मला पटत नाही. सुरुवातीला कट तुटक लागत होता आणि टकटक ऐकू येत होती; लंबगोलपणा निघून गेल्यावर आवाज एकसारखा झाला आणि बिडाची काळी भुकटी सलग गळू लागली. आबांनी हँडव्हील इतक्या समगतीने फिरवले की शेवटच्या कटानंतर बोअरवर कुठेही खूण दिसली नाही.

बुश चार शतांश मोठे ठेवून लांब बोल्टने ओढून बसवले आणि सांध्यावर अर्धे हबमध्ये, अर्धे बुशात असे दोन ग्रब स्क्रू घातले. बुशाचा आतला बोअर मुद्दाम कच्चा ठेवला होता, कारण दाबून बसवल्यावर तो थोडा आवळतो. मायक्रोमीटरवर पंचेचाळीस धरून तो त्याच सेटिंगमध्ये पन्नासला आणला, त्यामुळे बोअर आणि रिम एकाच अक्षावर आले. गाळ्यासाठी बॅक गिअर अडकवून स्पिंडल जाम केला आणि अरुंद टूल बारमध्ये बसवून सॅडल हाताने मागे-पुढे करत मधली खाच काढली. बाजू आबांनी कानसीने, चावी लावून पाहत, भरत आणल्या. चावी हलक्या टोल्याने बसली आणि शाफ्टवर पुली कुठेही डुगडुगली नाही.

मालक संध्याकाळी पुली घेऊन गेले आणि रात्रीच चरक सुरू झाल्याचा त्यांचा फोन आला. ठोकळे काढून हेडस्टॉक पुन्हा बेडवर घेतल्यावर मी टेस्ट मॅन्ड्रेलने तपासणी पुन्हा केली, कारण एकदा सुटलेला हेडस्टॉक आपोआप जुन्या जागी आला असे कधीच धरून चालू नये. आता साठ मिलिमीटर उंची भरून काढणारा एक जादा गिअर आणि त्याचा ब्रॅकेट करायला घेतला आहे. तो झाला की पुढच्या अशा कामात ऑटो फीड वापरता येईल.