फणसावर सुरी मोडली तो दिवस

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. किनाऱ्यावर चढलं ते पुढे गुजरातला, पण मालवण-देवगड पट्ट्यात नुसत्या वाऱ्यानेच माड, आंबे, फणस आडवे झाले आणि विजेचे खांब मोडले. मी तेव्हा लाईनवरची झाडं तोडणाऱ्या टोळीचा सुपरवायझर होतो. पाच पोरं, एक चेनसॉ, लॉकडाऊन चालू, बाजार बंद आणि सगळ्या गावांचे फोन एकदमच.

त्याआधी दोन महिने मी पोरांसाठी पाच सुऱ्या ऑनलाईन मागवल्या होत्या. कोयता असताना सुरी कशाला असं लोक विचारतात. खाली उभं राहून डहाळ्या तोडायला कोयत्यासारखं काही नाही, पण दोर बांधून वर बसलेल्या माणसाला कोयता फिरवायला जागाच नसते, एक घाव चुकला तर स्वतःचा दोर नाहीतर मांडी. वर जवळच्या कामाला सहा-सात इंची जाड सुरीच लागते, वेली कापायला, साल काढायला, पाठीवर लाकडाने ठोकून फांदी चिरायला. दोन पर्याय होते, मी प्रत्येकी चारशे रुपये स्वस्तवाली घेतली. पातं जाडजूड, रबरी मूठ, फोटो झकास.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फणसाच्या फांदीत चेनसॉचं पातं दाबलं गेलं. अशा वेळी पाचर लागते, ती खाली टेम्पोत राहिलेली. वरच्या पोराने सुरी चिरेत घातली आणि लाकडी मोगरीने पाठीवर ठोकली. तिसऱ्या घावाला मूठ त्याच्या हातात राहिली आणि पातं सुटून खाली दोर धरलेल्या पोराच्या हातावर आलं. कोपराच्या खाली चांगलं खोल. गमछा घट्ट बांधला, रस्त्यावर झाडं पडलेली म्हणून अर्धा रस्ता चालवत नेला, सात टाके पडले. बोटं हलत होती, ते बघितल्यावर माझ्या जिवात जीव आला.

रात्री टॉर्चच्या उजेडात मोडलेली मूठ चाकूने फाडून बघितली. आत पात्याची शेपटी पेन्सिलीएवढी बारीक, तीही जेमतेम दोन इंच, आणि जिथे रुंद पातं संपून ती सुरू होते तिथे कोपरा एकदम काटकोनात कापलेला. ठोकलं की सगळा ताण त्याच कोपऱ्यावर येतो, तिथूनच तुटली. बाहेरून हे दिसायची सोयच नव्हती.

पाऊस जवळ आल्यावर ते तुकडे घेऊन लोहाराकडे गेलो. म्हातारा बघून एवढंच म्हणाला, "ह्येच्यावर ठोकशीत तर तुटतलाच. शेपटी खय आसा हेका?" त्याला ट्रकचा जुना पाटा नेऊन दिला. पाट्याचं पोलाद ठोक सोसणारं असतं, स्प्रिंगच ती. मी सांगितलं, पाठ साडेचार मिमी, आणि पातं जेवढं रुंद तेवढंच मुठीच्या टोकापर्यंत जाऊदे, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि तीन रिव्हेट. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या गार्बर्ग नावाच्या सुरीतही पोलाद मुठीतून आरपार जातं, पाठ ३.२ मिमी, पण ती पाच जणांना परवडणारी नव्हती.

पहिली सुरी फसली. तेलात विझवून तशीच दिलेली, माणगा बांबूच्या पेरावर मारली तर धारेची कपचीच उडाली (माणगा आतून जवळपास भरीव असतो, परीक्षा त्याचीच घ्यावी). म्हाताऱ्याने दुसरी विझवल्यावर घासून चकचकीत केली आणि परत हळू तापवली, पाठीकडून, धारेवर गवती पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि पातं चिवट होतं. कानस फिरवली तर जराशी धरते, अगदी काचेसारखी सटकत नाही, एवढं जमलं की झालं.

गंज मात्र आहे. आमच्या खाऱ्या हवेत हे पोलाद एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून काम संपलं की पुसून खोबरेल लावायचं. चामड्याचं म्यान पावसात नकोच, ओल धरून ठेवतं. पोरांनी पीव्हीसी पाईप तापवून चपटा करून म्यानं बनवली, खाली पाणी जायला भोक ठेवून, ती आजही चालतायत. ज्याला एवढी निगा जमत नाही त्याने स्टेनलेस घ्यावी, गंज कमी. फक्त घेताना मुठीच्या टोकाला पोलाद दिसतंय का ते बघून घ्या, विकणारा दाखवत नसेल तर सोडून द्या.

पाच सुऱ्या तयार झाल्या तेव्हा पहिली टाके पडलेल्या पोराला दिली. त्याने धार बघितलीच नाही, आधी उलटी करून मुठीचं टोक बघितलं, अंगठ्याने पोलाद चाचपलं आणि मग कमरेला लावली.