पंचवीस थाऊ

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात पाने, जॅक आणि कॉम्प्रेसरच्या शेजारी एक जुनं फिलर गेज, म्हणजे स्पार्क प्लगच्या टोकातली फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, पूजेला बसतं. त्याच्या निम्म्या पट्ट्या गंजल्यात, एक तुटलीय. 1991 साली वस्तादांनी मला कामाला ठेवलं, तेव्हा पहिल्या दिवशी हातात दिलं ते हेच. पाना मिळायला पुढं आठ महिने गेले.

वस्तादांचं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगराच्या तोंडाशी. आजूबाजूला सगळे लेथवाले आणि फाउंड्रीवाले, त्यामुळं मोजमाप थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. ॲम्बेसिडरच्या प्लगला गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, पंचवीस थाऊ. मिलिमीटरमध्ये पॉइंट सहाच्या थोडं वर. पट्टी घातली की तिला जराशी ओढ लागली पाहिजे. सुळकन गेली तर गॅप जास्त, अडली तर कमी. कमी करायचा तर बाहेरची वाकडी दांडी फरशीवर हलकेच टेकवायची. वाढवायचा तरी तीच दांडी वाकवायची, मधल्या इलेक्ट्रोडला टेकू द्यायचा नाही. त्याला जोर लागला की आतली चिनी माती तडकते, आणि तडकलेला प्लग बाहेरून अगदी साजूक दिसतो. सहा महिने मी एवढंच केलं. रोज पंधरा-वीस प्लग घासून, गॅप लावून, पुसून ठेवायचे. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

1998 मध्ये स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. दोन गाड्यांची जागा, पावसात एकीचीच.

गिऱ्हाईक आणलं ते गगनबावड्याच्या चढानं. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याची मारुती 800 चढाला मिसिंग करायची. दोन ठिकाणी कार्बोरेटर साफ करून झाला होता. आमच्या दारात उभी केली तर आयडलिंग एकदम गोड. मी तिन्ही प्लग काढले. त्या गाडीला पॉइंट सात ते पॉइंट आठ मिलिमीटरचा गॅप लागतो. इथं 1.3 ची पट्टीही ढिली जात होती. ठिणगी पडून पडून इलेक्ट्रोड झिजतं आणि गॅप आपोआप वाढतो. गाडी उभी असताना सिलिंडरमध्ये हवा थोडी, दाब कमी, त्यामुळं वाढलेल्या गॅपमधूनही ठिणगी उडी मारते. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की आतला दाब वाढतो. तेवढ्या दाबातून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, ते कॉइलला झेपत नाही, आणि मग गाडी आचके देते. तीन प्लग बदलले, मजुरी पन्नास रुपये. शेठजी परत चढ चढून आले, मग यार्डातल्या निम्म्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या. बरेचसे पैसे उसाचं बिल निघाल्यावर मिळायचे, ते अजूनही तसंच आहे.

त्याच काळात आमची एक पद्धत पडली. जुने प्लग नव्याच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. 'बदललेच नाहीत' ही शंका मिटते, आणि गाडीची तब्येतही दाखवता येते. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट काळं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, मग मोठ्या कामाची तयारी ठेवा. पांढरंफटक म्हणजे इंजिन तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. एका मास्तरांनी तर त्यांच्या गाडीचे सगळे जुने प्लग तारीख घालून जपलेत.

चूकही आमच्याच हातून झाली. 2003 मध्ये घाईत, तापलेल्या इंजिनावर मी प्लग काढला. प्लग बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. आटे प्लगबरोबरच बाहेर आले. हेड उतरवून उद्यमनगरात हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, बसवून आणलं, तीन दिवस गेले, महिन्याची कमाईही गेली. गिऱ्हाइकाकडून एक पैसा घेतला नाही. घरी मात्र चार दिवस सांगितलं नव्हतं. तेव्हापासून इंजिन गार झाल्याशिवाय प्लगला पाना लागत नाही. आधी कॉम्प्रेसरनं प्लगच्या खड्ड्यातला कचरा उडवायचा. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून बोटांनी फिरवायचा. तिरका जात असेल तर नळीच निसटते, आटे वाचतात. प्लगचं कडं, म्हणजे वॉशर, टेकलं की पान्यानं अर्धा ते पाऊण फेर, पाऊणच्या आतच. जुना प्लग परत बसवताना कडं आधीच दबलेलं असतं, तिथं फेराचा जेमतेम आठवा हिस्सा पुरतो. आता ठरलेल्या जोरानं आवळायचा टॉर्क रेंच आहे, तरी नळीचा तुकडा प्रत्येक पोराच्या खिशात असतो.

प्लगच्या नंबरांनीही आम्हाला बरंच रडवलं. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉश आणि चॅम्पियनमध्ये वाढला की गरम. म्हणजे एकाचा सहा दुसऱ्याच्या सहाशी जुळेल असं धरून चालायचंच नाही. 2008 साली मायको कंपनीचं नाव बॉश झालं, पण आमचे जुने लोक आजही 'मायकोच टाका' म्हणतात.

जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी बंधनातून सुटले, डिझेलचे 2014 पर्यंत बांधलेलेच राहिले. दोन्हींतला फरक वाढला तसे लोक डिझेल गाड्यांकडं वळले आणि आमच्या प्लगच्या कपाटावर धूळ बसली. 'प्लग साफ करून द्या' म्हणत डिझेलवाले यायचे. तुमच्या इंजिनात ठिणगी नसते, दाबानंच पेटतं, हे सांगण्यात दिवस जायचा. त्या चार वर्षांत ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामांनी आम्हाला जगवलं.

ऑगस्ट 2019 चा पंचगंगेचा पूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत. शिरोलीजवळ पाणी चढून पुण्या-बेंगळुरूचा हायवे दिवसेंदिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर गाड्या टो करून यायला लागल्या, तीसेक तरी असतील. दारावर खडूनं लिहिलं: स्टार्टर मारू नका. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही आधी सगळे प्लग काढायचो, भोकांवर फडकं धरायचो आणि मगच इंजिन फिरवायचो. कारंजं उडायचं, फडकं चिंब. मग ऑइल, फिल्टर, नवे प्लग. ज्यांनी घरी 'एकदा बघू' म्हणून चावी फिरवली होती, त्यांतल्या काहींचं इंजिन उतरवावं लागलं. त्या महिन्यात सगळे रात्री दोनपर्यंत काम करत होते.

आता इरिडियम प्लग आलेत. टोक तारेएवढं बारीक. पहिल्याच महिन्यात आमच्या एका हुशार पोरानं त्याचा गॅप वस्तादांच्या पट्टीनं 'नीट' केला आणि टोक मोडून ठेवलं. हे प्लग कंपनीतूनच गॅप लावून येतात. तपासायचा झाला तर तारेच्या गेजनं, ते टोकाला न घासता. ठोकाठोकी नाही. साधे निकेलचे प्लग आम्ही तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलतो, हे बऱ्याच गाड्यांत लाखभर चालतात.

सध्याचं भांडण मजुरीचं. काही नव्या गाड्यांत प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड, उतरवावा लागतो, दीड-दोन तास जातात. 'चार प्लगला एवढे?' हा प्रश्न आठवड्यातून दोनदा ठरलेला. भाव कमी करत नाही. बॉनेटजवळ स्टूल ठेवलंय, चहा सांगतो, बसून बघा म्हणतो.