होस्टिंग कुणाचं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गोव्यात छोट्या धंद्यांच्या, देवस्थानांच्या, नाट्यमंडळांच्या वेबसाइटी करून देणं हे माझं काम. ते कळलं की समोरचा हमखास विचारतो, "होस्टिंग कुणाचं घेऊ?" होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर, भाड्याने घेतलेली जागा. माझं उत्तर ठरलेलं आहे: किंमत मागाहून बघा, आधी त्यांच्या सपोर्टला एक अवघड प्रश्न विचारा. जागा, स्पीड आता सगळेच देतात. साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं एसएसएल सर्टिफिकेटही लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे फुकट मिळतं. खरा फरक कळतो तो साइट बंद पडल्यावर.

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेचं, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांचं, बुकिंग साइटवरून चालतं. जत्रा तोंडावर आली की मुंबई-पुण्याचे महाजन, म्हणजे देवस्थानाशी पिढीजात बांधलेल्या घराण्यांतली माणसं, खोल्या धरायला लागतात. नेमकी त्याच दिवसांत साइट उघडेना. पांढरं पान आणि वर गंभीर त्रुटी असल्याची एक ओळ, एवढंच. होस्टिंग कंपनीच्या चॅटवर गेलो. पहिला म्हणाला, ब्राउझरची कॅशे, म्हणजे त्याने साठवून ठेवलेली जुनी पानं, साफ करा. ती केव्हाच केली होती, तसं कळवलं. मग दुसरा आला, त्याने डोमेनचं नाव, म्हणजे साइटचा पत्ता, पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि थीम, म्हणजे साइटच्या मांडणीचा साचा, नव्याने टाकायला सांगितली. तिसऱ्याने "तुमचा प्लॅन लहान पडतोय" म्हणत थेट पेमेंटची लिंक धाडली. तोवर देवस्थानच्या कार्यालयातला कारकून फोनवर एकेकाचं नाव वहीत उतरवून घेत होता.

शेवटी एरर लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या चुका टिपून ठेवतो ती फाइल, मीच उघडला. आदल्या रात्री कंपनीने सर्व्हरवरचं पीएचपी, म्हणजे साइट ज्या भाषेवर चालते ती, ७.४ वरून ८ वर नेलं होतं आणि बुकिंगचं जुनं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, त्यावर चालत नव्हतं. बदल करणं चूक नव्हतं. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं होतं, आज ना उद्या ते करावंच लागणार होतं. पण आधी कळवायला एक मेल टाकायला काय हरकत होती? आणि मुख्य म्हणजे, तिघांपैकी एकानेही लॉग बघितला नाही. फाइलचं नाव, ओळीचा नंबर, सगळं त्यात लिहिलेलं होतं. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगची सेटिंग्ज असतात त्या पानावर, पीएचपीची जुनी आवृत्ती निवडली तशी साइट उघडली. प्लगइन मग सवडीने बदललं.

मला लॉग वाचता येतो. मांद्र्याला घराच्या मागच्या चार खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या वहिनींना तो वाचता येत नाही, आणि इंग्रजी चॅटवर समोरच्याशी हुज्जत घालणंही त्यांना जमणारं नाही. त्या मुकाट्याने वरचा प्लॅन घेतील, आणि साइट तरीही बंदच राहील. अशा माणसांचे पैसे असे जातात याचा मला मनापासून संताप येतो.

याच वहिनींच्या बाबतीत चांगला अनुभवही आला, दुसऱ्या एका कंपनीचा. ऐन डिसेंबरात पाहुण्यांना बुकिंगची मेल मिळेनाशी झाली. पैसे भरलेले, पण कन्फर्मेशन नाही, त्यामुळे लोक फोन करून चौकशी करायला लागले. मी तिकीट टाकलं, म्हणजे सपोर्टकडे लेखी तक्रार नोंदवली. उत्तर देणाऱ्याने मेल लॉगमधली ओळ जशीच्या तशी चिकटवली होती आणि खाली साध्या भाषेत कारण लिहिलं होतं: त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाची तरी साइट हॅक झाली, तिथून स्पॅम सुटलं आणि सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा नंबर, ब्लॅकलिस्टवर, म्हणजे मेल अडवायच्या यादीवर गेला. दोष आमच्या बाजूचा आहे, तुम्हाला काही करायचं नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी मेल दुसऱ्या आयपीवरून सोडायला सुरुवात केली. वर हेही दाखवून दिलं की या डोमेनला ना एसपीएफ आहे ना डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या नोंदी), आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दोन्हींपैकी एक तरी मागतं. दोन्ही रेकॉर्ड तयार करून दिले, कुठल्या रकान्यात काय टाकायचं तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने आपण होऊन विचारलं, मेल पोचतात ना? चांगला सपोर्ट म्हणजे काय विचाराल तर मी ते तिकीट पुढे करीन.

चूक झाली तर ती कबूल करणं हा यातला मोठा भाग आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचं काम साठवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या, म्हणजे राखीव प्रत ठेवायच्या, बऱ्याच व्यवस्था चालतच नव्हत्या हेही तेव्हाच उघड झालं, आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. पण त्यांनी दुरुस्तीच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या, काम थेट प्रक्षेपित केलं. लोक चिडले असतील, पण अंधारात कुणी राहिलं नाही.

आता तो अवघड प्रश्न. विकत घेण्याआधी, तेही रविवारी रात्री, विचारा: माझा बॅकअप कुठे ठेवता, आणि तो परत टाकून द्यायचे पैसे घेता का? १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायची इमारत, जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. साइट आणि बॅकअप दोन्ही एकदम गेले. उत्तरात नुसती हेल्प पेजची लिंक आली तर मी तिथे पैसे भरत नाही. नेमकं उत्तर आलं, अगदी "बॅकअप आठवड्यातून एकदाच घेतो" असं आलं, तरी चालेल. निदान काय मिळणार ते कळलं.

कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण या धंद्यात पाटी तीच राहते आणि मालक बदलतो. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीचे बिगरॉक आणि रिसेलरक्लब हे डोमेन-होस्टिंगचे ब्रँड २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेले, आणि २०२१ मध्ये एन्ड्युरन्सचं न्यूफोल्ड डिजिटल झालं. मालक बदलला की सपोर्टची माणसंही बदलू शकतात, म्हणून दरवर्षी रिन्यू करण्याआधी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

आणि डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट करणाऱ्याच्या नावावर नको, माझ्याही नको. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅनचा, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचा, नियम आहे: डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा ट्रान्स्फरचा कोड मागितल्यापासून पाच दिवसांत मिळाला पाहिजे. पण तो मागायचा हक्क ज्याच्या नावावर डोमेन आहे त्याचा.