तांब्याच्या पाईपवरचा काळा ठिपका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये दोन स्टेजचा, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा, कॉम्प्रेसर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा डिलिव्हरी पाईप, म्हणजे दाबलेली हवा टाकीत नेणारा, चिरला. मूळचा तांब्याचा. मालक म्हणाले एमएसचा (साध्या पोलादाचा) बसव, आणि मी अडून बसलो. तांबं लोखंडाच्या कितीतरी पट उष्णता वाहून नेतं, हे आयटीआयपासून डोक्यात पक्कं. हवा गरमच राहिली तर पाणी टाकीत न सुटता पुढे सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, व्हॉल्व्हमध्ये जाणार, ही धास्ती.

३० अंशांची हवा एका दमात ७ बारपर्यंत दाबली आणि उष्णता कुठेच गेली नाही, तर हिशेबाने ती साधारण २७५ अंशांवर जाते. दोन स्टेज करून मध्ये इंटरकूलरने थंड केली, तर दर स्टेजला साधारण १३५. सगळी भिस्त नळ्यांवर.

तूर्त ब्रेझिंग करून, म्हणजे पितळी सांधा वितळवून चीर बुजवून, जुनाच पाईप चढवला आणि टेम्परेचर गन धरली. ही गन न टेकवता, वस्तूतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून तापमान सांगते. ४६ अंश! पाण्याचा थेंब टाकला, तर चर्र करून उडाला. ब्रेझिंगसाठी एमरीने घासून पाईप लखलखीत केला होता. चकचकीत तांबं स्वतःची उष्णता किरणांनी फारच कमी सोडतं, त्यामुळे गन फसते. कॉम्प्रेसरकडच्या टोकाला, सायलेन्सरला मारतात त्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिला. आता १३८.

मग एमएसचा पाईप बसवला, त्यालाही ठिपके दिले. टाकीजवळच्या टोकाला तांब्यावर ९६ होते, एमएसवर ९८. मालकांकडे जाऊन सांगितलं, माझं चुकलं.

कारण उष्णता धातूत अडतच नाही. आतली हवा दाबामुळे दाट, शिवाय वेगात. ती नळीला उष्णता बऱ्यापैकी देते. दोन-तीन मिलिमीटरची भिंत ती सहज ओलांडते. अडते बाहेर, शॉपमधल्या हवेत जाताना. म्हणून तर इंटरकूलरच्या नळ्यांना फिन्स, म्हणजे पातळ पत्र्याच्या पाकळ्या, असतात, समोर पंखा असतो. आणि आमच्या फिन्समध्ये ग्राइंडिंगची धूळ तेलात भिजून नमद्यासारखी बसली होती! स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर पट्टीच निघाली. डिग्रीझर, ब्रश, पाणी, अख्खी दुपार. दुसऱ्या दिवशी डिलिव्हरीच्या ठिपक्यावर १२१.

हे १७ अंश मला फार मोलाचे वाटतात. डिलिव्हरी जास्त तापली की तेलाचा कार्बन व्हॉल्व्हवर आणि पाईपमध्ये साचतो, आणि तो पेटूही शकतो.

आता दर मंगळवारी ठिपक्यावर गन धरतो आणि आकडा पॅनलच्या दारावर खडूने लिहितो. आज १२७ आला. ब्रश भिजत घातलाय.