सांगाडा, सिंदबाद आणि सुप्पारक

आज भाचीला घेऊन बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेले होते. देवमाशाच्या सांगाड्यापाशी पोर खिळूनच राहिली. 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आलेला निळा देवमासा, एकेक बरगडी तिच्याहून लांब. म्हणाली, "मावशी, सिंदबादचे खलाशी माशाला बेट समजून त्याच्या पाठीवर उतरले, ते खरं असेल मग!"

मला हे फार आवडलं. कारण आपल्या शेजारचं भरुच, म्हणजे जुनं भरुकच्छ, अशाच गोष्टींचं गाव आहे. तिथला सुप्पारक नावाडी एका जातककथेत भेटतो. खाऱ्या पाण्याने डोळे गेलेले, तरी व्यापारी त्यालाच तांडेल करून नेतात. मग वाटेत माणसासारख्या अंगाचे मासे, आगीसारखा पेटलेला समुद्र, शेवटी जहाजं गिळणारं वडवामुख. सगळं अद्भुत!

पण तिकडे अरबी समुद्रात, येमेनच्या सोकोत्रा बेटावर होक नावाची गुहा आहे. तिच्या पार आत, काळोखात, भारतीय खलाशांनी ब्राह्मी लिपीत आपली नावं लिहून ठेवलीत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. त्यात भरुकच्छचे लोकही आहेत! म्हणजे माणसं खरीच गेली होती. पेटलेला समुद्र मला तरी रात्री चमकणारं पाणीच वाटतो; अरबी समुद्रात ते आजही दिसतं. माणसासारख्या अंगाच्या माशांचं मात्र काही सुचत नाही, आणि ते तसेच राहिलेले मला हवे आहेत.

आता भाचीला भरुचला, नर्मदेकाठी न्यायचंय. तिकडच्या खलाशांच्या घरातल्या गोष्टी कुणी ऐकल्या असतील तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा.