न्यूकॅसलमधली दुसरी भिंत

न्यूकॅसलला आलेल्या पाहुण्याला हेड्रियनची रोमन भिंत दाखवायची, हे ठरलेलंच. मी मावसभावाला म्हटलं, "दादा, मला आधी दुसरी भिंत बघायची आहे." हेमार्केट मेट्रो स्टेशनजवळच विद्यापीठ, आणि त्यात हॅटन गॅलरी. तिकीट नाही.

ही भिंत कुर्ट श्विटर्सची. जन्म 1887, जर्मनीतलं हॅनोव्हर. वापरलेली तिकिटं, वेष्टनं, तारा, फळकुटं असं लोकांनी टाकलेलं काहीबाही जोडून तो चित्रं करायचा. त्या सगळ्याला त्याने नाव दिलं 'मर्त्स'. 1919 मधल्या 'आना ब्लूमे' या तिरपागड्या प्रेमकवितेने तो गाजला. पुढे 'उर्सोनाटे' ही कविता रचली, नुसत्या ध्वनींची. तराणा ऐकलेल्या कानाला ती फारशी परकी वाटू नये.

हॅनोव्हरच्या राहत्या घरातल्या खोल्याही तो आतून भरत, बदलत गेला. 1937 मध्ये नाझींमुळे नॉर्वेला पळावं लागलं. ते घर 1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. नॉर्वेत पुन्हा तसंच बांधलं, ते 1951 मध्ये जळालं. दरम्यान 1940 मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेतही आलं. तो ब्रिटनला पोचला, तर तिथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत डांबला गेला. गड्याने तिथे उरलेल्या पॉरिजचे पुतळे केले! त्यांना बुरशी चढली, हे सांगायला नकोच.

शेवटची वर्षं लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइडला गेली. पोटासाठी लोकांची व्यक्तिचित्रं, निसर्गचित्रं. 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडून पैसे मिळाले आणि एल्टरवॉटरच्या एका दगडी कोठारात त्याने पुन्हा तसंच काम सुरू केलं. जेमतेम एक भिंत झाली. 8 जानेवारी 1948 ला तो गेला. ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती.

कोठारात भिंत खराब होत चालली, म्हणून 1965 मध्ये ती अख्खी उचलून इथे आणली. फुगवटे, खळगे, मध्येच रंग. जवळ गेल्यावर झारीची चाळणी दिसते, चेंडू दिसतो. दादाचं मत : "गवंडी अर्ध्यात पळालाय." मला मात्र तिथून हलवेना. पुस्तकातल्या फोटोत ती सपाट दिसते. बाजूने पाहिली तरच तिचा उठाव कळतो.

हॅनोव्हरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात जुन्या फोटोंवरून त्याच्या खोलीची प्रतिकृती उभारली आहे. जमलं तर तीही बघेन, पण ओल्या गिलाव्यावरून त्याचा स्वतःचा हात फिरलाय तो इथे.